बायका : नग सात

माझं अक्षर चांगलं होतं.
तेवढ्याच भांडवलावर मी उद्यमनगरात
एका फौंड्रीच्या हजेरीबुकाशी बसलो,
तेवीस वर्षं.

मोल्डर, फर्नेसवाले, फेटलर,
पुरुषांची नावं बापासकट, आडनावासकट.
कोअर शॉपला मात्र एकच ओळ:
बायका – नग सात.
एखादी तापानं पडली की
नग सहा.

तसं लिहा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.
आधीचा कारकून लिहायचा,
मी वळण गिरवलं.

वाळूत काकवी कालवून त्या कोअर थापायच्या,
ऑइल इंजिनाच्या पोटातली पोकळी.
भट्टी लागली की अख्ख्या गल्लीत
गुऱ्हाळाचा वास, जरा करपलेला.
ओतकाम निवलं की कोअर फोडून काढतात.
पोकळी तेवढी इंजिनाबरोबर जाते,
पार गुजरातेपर्यंत.

माठ दोन होते.
एकाला तोटी.
दुसऱ्यातलं पाणी वॉचमन वरून ओतायचा
आक्काताई मधाळेच्या ओंजळीत,
गौरा आवळेच्या ओंजळीत.
वैशाखातल्या एका दुपारी
गौरा उठली आणि तोटी सोडून प्याली.
घटाघटा नाही. सावकाश,
भांडं विसळून जागेवर ठेवून.

वॉचमननं तो माठ उचलून
त्यांच्याच वाळूवर पालथा केला.
ओल्या वाळूचे कोअर भट्टीत तडकले,
आणि सुपरवायझरनं रोज कापला
सातही जणींचा.
जैतून शिकलगार तोवर गप्प होती,
शेवंता चौगुलेही.
बाटलेल्या माठाबद्दल
त्यांचं काय मत होतं, मला माहीत आहे.
पण रोज कापल्यावर
सातही जणी गेटबाहेर लेथच्या शेडसमोर
एका किलतानावर बसल्या.

मोल्डर हसले. तीन दिवस हसले.
चौथ्या दिवशी पेट्यांत घालायला कोअर उरले नाहीत,
तेव्हा तेही येऊन बसले, थोडे लांब.

मागण्यांचा कागद लिहायला
त्या रात्री माझ्या दारात आल्या.
अक्षर चांगलं होतं ना.
रोजात दोन रुपये वाढ.
माठ एकच.
संडासाला दार.
कापलेला रोज परत.
झालं, म्हटलं, आता खाली नावं सांगा.

गौरा माझ्याकडं बघत राहिली.
"सा वर्सं रोज मांडताय आमास्नी,
आनि आज नावं इच्यारताय वं?"
मग म्हणाली,
"त्येबी लिवा. पाचवी मागणी."

अकराव्या दिवशी मालकानं कागद वाचला.
दोन रुपयांचे आठ आणे केले.
दोन्ही माठ काढले, दिवाळीपर्यंत
कुणालाच पाणी नव्हतं.
दाराचं बघू म्हणाला.
कापलेल्या रोजाचा विषयच काढला नाही.
पाचवीला मात्र हसला:
"शाईला काय पैसे पडतात? लिहा की."

दुसऱ्या दिवशी सात ओळी आखल्या.
जैतूननं आपलं नाव मोठ्यानं वाचून घेतलं, दोनदा.
आक्काताई म्हणाली, नवऱ्याचं नको,
त्यानं टाकलंय. आईचं घाला.
रकाना अरुंद होता. घातलं.

पुढं नऊ वर्षांनी कोअर शॉप ठेकेदाराला गेलं.
कामगार न्यायालयात मालकाचे वकील म्हणाले,
या बायका आमच्या नव्हत्याच कधी.
तेव्हा टेबलावर माझी बुकं आली.
सालात दोनशे चाळीस हजेऱ्या,
बोट ठेवून मोजल्या गेल्या, नावानिशी.
अक्षर कुणाचं?
समोर मालक होता, माझी ग्रॅच्युइटी त्याच्याकडं होती.
माझं, म्हणालो. त्याहून जास्त काही बोललो नाही,
धाडस म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

पैसे मिळाले. पाचजणींना हातात,
दोघींच्या पोरांना.
नऊ वर्षांचे.

त्याआधीचीही सहा बुकं होती.
न्यायाधीशांनी उलटसुलट करून पाहिली,
चष्मा पुसला, परत पाहिली.
यात कोण कोण आहे, विचारलं.
गौरा मागच्या बाकावरून म्हणाली, "आमीच."
पण तसं कुठं लिहिलेलं नव्हतं.
ती सहा वर्षं धरली नाहीत.

अक्षर त्यातलंही सुबक होतं.